केरेविनचा मनोरा आणि आपली लग्नाची घाई

न्यूझीलंडच्या लेखिका केरी ह्यूम ह्यांची ‘द बोन पीपल’ ही कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. त्या देशाच्या वाट्याला हा मान प्रथमच येत होता. प्रकाशकांनी नाकारलेले हे हस्तलिखित ‘स्पायरल’ नावाच्या, तीन स्त्रियांनी चालविलेल्या एका लहानशा मंडळाने छापले. बुकरच्या परीक्षकांतही तिच्यावरून तीव्र मतभेद झाले. मुलाला होणारी अमानुष मारहाण, माओरी संस्कृतीचे चित्रण, वाक्यरचनेची मनसोक्त मोडतोड ह्या विषयांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस ह्या वेळी तिच्यातील एका संभाषणाविषयी लिहावयाचे आहे. ते लांबीने फारसे नाही. आम्ही स्वतः पहिल्या वाचनात ते ओलांडून पुढे गेलो होतो, आणि आपण काय ओलांडले हे आम्हांस बऱ्याच वर्षांनी कळले.

कथानक थोडक्यात सांगावयास हवे. केरेविन होम्स ही चित्रकार. अंगात थोडे माओरी रक्त, बाकीचे युरोपीय. लॉटरीत मिळालेल्या पैशातून तिने समुद्रकाठी एक मनोरा बांधला आहे आणि त्यात ती एकटी राहते. घरच्यांशी संबंध तुटलेले. मासे धरावेत, पुस्तके वाचावीत, मद्य प्यावे, गिटार छेडावी, असा दिनक्रम. चित्र तेवढे हातून उतरत नाही. एके दिवशी सायमन नावाचा एक मुका मुलगा तिच्या मनोऱ्यात शिरलेला सापडतो. फुटलेल्या नौकेतून किनाऱ्याला लागलेले हे पोरके लेकरू. त्याला सांभाळणारा जो गिलेली हा माओरी कामगार. त्याची बायको आणि तान्हे मूल आजारात गेलेली. जो त्या मुलावर जीव टाकतो आणि त्याच मुलाला बेदम मारतो. ह्या तिघांची गाठ पडते व सुटते, आणि ती पुन्हा कशी बसते ह्याची ही कथा आहे.

एक विधुर, एक एकटी स्त्री आणि मध्ये एक आईविना मूल. असा योग जुळून आला की वाचक मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळा होतो. आम्हीही झालो होतो. किंबहुना आमच्या धंद्यातील माणसाला ती सवय अधिकच. जोही तेच धरून चालतो. केरेविनला कोणी जवळ आलेले, स्पर्श केलेले खपत नाही, हे त्याच्या लक्षात आलेले असते. तो आपल्या परीने त्याचे कारण शोधतो आणि शेवटी तिला विचारतो: पूर्वी कोणी तुझ्याशी वाईट वागले होते काय?

केरेविनचे उत्तर हे ह्या कादंबरीचे मर्मस्थान आहे असे आता आम्हांस वाटते. ती चिडते. आपल्यावर बलात्कार झालेला नाही, कोणी फसवून टाकून दिलेले नाही, कसलाही छळ झालेला नाही, असे ती बजावून सांगते. आपण अशा का आहोत ह्याचा उलगडा करील असे आपल्या पूर्वायुष्यात काही नाही. घरची बाकीची माणसे चारचौघांसारखी, एकमेकांना जवळ घेणारी. आपणच तेवढ्या वेगळ्या. शरीर सर्वसाधारण स्त्रीचे, पण पुरुषाविषयी नाही, स्त्रीविषयी नाही, कोणाविषयीच आपल्याला कामवासना म्हणून वाटलेली नाही. आणि हे आजवर ज्याला ज्याला समजावून सांगितले त्याचा त्यावर विश्वास बसला नाही. मग ती स्वतःसाठी एक शब्द वापरते: ‘न्यूटर’.

हा शब्द मराठीत आणू जाता हात अडखळतो. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला प्रतिशब्द आहे, ‘नपुंसकलिंग’. पण माणसाला ‘नपुंसक’ म्हटले की ती शिवी होते, आणि शिवाय ती भलत्याच गोष्टीविषयी बोलते. ‘नपुंसक’ हा शब्द शरीराच्या असमर्थतेविषयी आहे; केरेविनचे शरीर समर्थ आहे. ‘अलैंगिक’ हा शब्द अलीकडे ह्या अर्थी वापरला जातो, परंतु आपल्या मुलांची त्या शब्दाशी पहिली ओळख विज्ञानाच्या पुस्तकात अमिबाच्या प्रजननाच्या निमित्ताने झालेली असते. ‘ब्रह्मचारी’ म्हणावे तर त्यात निग्रह आला, आणि केरेविन कशाचाही निग्रह करीत नाही. म्हणजे ह्या माणसाला हाक मारावयास आपल्याजवळ धड शब्दच नाही. एक गंमत मात्र सांगावीशी वाटते. नपुंसकलिंग मराठीने टाकून दिलेले नाही, आणि तिने ते कोठे कोठे ठेवले आहे हे पाहण्यासारखे आहे. ‘मूल’ नपुंसकलिंगी, ‘लेकरू’ नपुंसकलिंगी, ‘कोकरू’ नपुंसकलिंगी. ‘माणूस’देखील अनेकवचनात ‘ती माणसे’ होऊन तेथेच जाऊन बसतो. जे आपल्याला फार जवळचे, ते स्त्री की पुरुष हे विचारण्याची भाषेला गरज वाटली नाही.

ह्यूमबाईंनी १९८४ साली जे एका पात्राच्या तोंडी घातले त्याला त्या काळी नाव नव्हते असे नाही, पण ते सर्वांच्या तोंडी नव्हते. अमेरिकेतील आल्फ्रेड किन्से ह्यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध पाहणीत माणसांना शून्य ते सहा अशा मापावर मांडले आणि त्या मापावर कोठेच न बसणाऱ्यांसाठी ‘एक्स’ अशी एक वेगळी खूण ठेवली. त्या खुणेत कोण माणसे आहेत ह्याची चौकशी पुढे फार दिवस कोणी केली नाही. २००१ साली डेव्हिड जे ह्या अमेरिकन तरुणाने अशा माणसांना परस्परांशी जोडणारी एक संस्था काढली. २००४ साली कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट ह्यांनी ब्रिटनमधील अठरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतील माहिती तपासली, तेव्हा आपल्याला कोणाविषयीही कधी लैंगिक आकर्षण वाटलेले नाही असे सांगणारे सुमारे शंभरात एक आढळले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदानग्रंथात असे नमूद केले की, जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक म्हणून ओळखते तिच्यावर वासनेच्या अभावाचा विकार हे निदान लादू नये. आकड्यांवर आमचा फारसा भर नाही. तरी शंभरात एक हा हिशेब आपल्या धर्मग्रामाला लावून पाहावा. रविवारच्या तीन मिस्सांना मिळून दोन हजार माणसे येत असतील तर त्यांत वीस जण. ती कोठल्या बाकावर बसतात?

ह्या माणसांतही सारी एका साच्यातली नाहीत. केरेविनसारखी काही अशी की त्यांना स्पर्शच नकोसा होतो. काहींना स्पर्शाचे वावडे नाही. मायेने पाठीवर हात ठेवलेला त्यांना हवा असतो, त्यापलीकडचे काही सुचत नाही इतकेच. काहींना शरीराची ओढ नसते, पण एका जिवाभावाच्या माणसाबरोबर घर करावे, म्हातारपणी एकमेकांची औषधे आठवणीने द्यावीत ही ओढ चांगलीच असते. काहींना तीही नसते. प्रियकर-प्रेयसी हा प्रकारच त्यांना परक्या भाषेसारखा वाटतो. अशांना इंग्रजीत ‘ॲरोमँटिक’ म्हणतात. आणखी काही असे की दीर्घ सहवासानंतर, मन पुरते गुंतल्यावरच त्यांच्यात आकर्षण उमलते, एरवी नाही. त्यांना ‘डेमिसेक्शुअल’ असे नाव आहे. क्वचित केव्हातरी, तेही पुसटसे, असे ज्यांचे असते ते स्वतःला करड्या रंगाचे म्हणवितात. ही नावे ऐकून आमच्या वयाचे लोक हसतात. आम्हीही हसलो होतो. पण गुरुविद्यालयात संत तोमस अक्वायनसच्या ग्रंथातील देवदूतांच्या श्रेणी आम्ही गांभीर्याने पाठ केल्या आहेत. तेव्हा माणसांच्या चार प्रकारांनी हसू येण्याचे कारण नव्हते.

येथे आमच्या स्वतःच्या एका चुकीविषयी लिहिणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा नवे धर्मगुरू होतो. एक तरुण आमच्याकडे येत असे. नोकरी बरी, स्वभाव शांत, चर्चच्या कामात पुढे. घरचे त्याच्या लग्नाच्या मागे लागलेले आणि हा दरवेळी काहीतरी निमित्त काढून मुलगी पाहण्याचे टाळणारा. एकदा कबुलीखान्याबाहेर, अंगणात, तो आम्हांस म्हणाला की फादर, मला त्या गोष्टीचे काही वाटतच नाही. आम्हांस मनातून आनंद झाला. आम्ही त्याला सांगितले की ही तर पाचारणाची खूण आहे, देव तुला बोलावतो आहे. आमच्या शब्दावर विसंबून तो एका गुरुविद्यालयात दाखल झाला आणि दोन वर्षांनी परत आला. धर्मगुरू व्हावे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. लग्न करावयाचे नाही म्हणजे धर्मगुरूच व्हावयास हवे, हे गणित आमचे होते. परत आल्यावर आपल्या समाजात ‘सेमिनरीतून आलेला’ ह्या शब्दांना जो वास येतो, तोही त्याला सोसावा लागला.

केरेविनचे ते उत्तर दुसऱ्यांदा वाचताना आम्हांस तो तरुण आठवला. जोने जखम शोधली, आम्ही पाचारण शोधले. ‘मला वाटत नाही’ ह्या साध्या वाक्याला वाक्य म्हणून राहू देणे दोघांनाही जमले नाही.

ब्रह्मचर्य आणि ही अवस्था ह्यांत आपण सतत गल्लत करतो, आणि त्यात दोहोंचाही अपमान आहे. ब्रह्मचर्याचे व्रत म्हणजे जे हवेसे आहे ते एका मोठ्या प्रेमासाठी देऊन टाकणे. ते रोज द्यावे लागते. आम्ही ते अनुभवाने सांगत आहो. ज्याला ती भूकच नाही तो उपाशी राहिला म्हणून उपवास घडत नाही. उलट, त्याला भूक नाही म्हणून तो आजारी किंवा थंड काळजाचा आहे असेही नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू येशू विवाहाविषयी बोलत असता विवाहात न शिरणाऱ्या तीन प्रकारच्या माणसांचा उल्लेख करतो: जन्मतःच तसे असलेले, माणसांनी तसे केलेले, आणि स्वर्गराज्यासाठी स्वतः तसे झालेले. तिसऱ्या प्रकारावर आम्ही किती प्रवचने ऐकली आणि किती दिली ह्याची गणती नाही. पहिल्या प्रकारावर एकही आठवत नाही. त्या वचनात प्रभूच्या मनात नेमके कोण होते ह्यावर विद्वानांनी वाद घालावा. केरेविनसारखी माणसेच त्याला अभिप्रेत होती असा आमचा दावा नाही. परंतु त्याने पहिल्या गटाला तिसऱ्या गटात ढकलले नाही आणि त्यांना बरेही केले नाही. तो त्यांची नोंद घेतो आणि पुढे जातो.

पुन्हा कादंबरीकडे वळू. ह्यूमबाईंच्या रचनेत एक धोका होता आणि कित्येक पाने त्या त्याच्या अगदी काठावरून चालल्या आहेत. केरेविन स्पर्श टाळते, माणसे टाळते, घरच्यांना टाळते, चित्र काढू शकत नाही, मनोऱ्यात स्वतःला कोंडून घेते. हे सारे एकाच माणसात एकत्र आले की वाचकाला वाटणारच की ह्या सगळ्यांचे मूळ एक. एक गाठ सुटली की सगळ्या सुटतील. कथेच्या शेवटी केरेविनने जोच्या मिठीत जावे, मग चित्रही निघेल आणि मनोराही पडेल, अशी पायवाट तयार आहे. शेकडो कादंबऱ्या आणि हिंदी चित्रपट ह्याच वाटेने गेले. ह्यूमबाई जात नाहीत. मनोरा पडतो, केरेविन तो स्वतःच्या हातांनी पाडते. चित्रकला परत येते. घरच्यांशी समेट होतो. मुलाला ती आपले नाव देते. आणि तरीही त्या संभाषणात तिने स्वतःविषयी जे सांगितले ते शेवटच्या पानापर्यंत तसेच राहते. बंद झालेले काळीज आणि नसलेली वासना ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिलीवर उपाय झाला, दुसरीला उपायाची गरज नव्हती. एवढा सूक्ष्म भेद त्या काळी, कसलाही गाजावाजा न करता कथेच्या अंगाने दाखविणे हे मोठ्या लेखिकेचे काम आहे. ह्यूमबाई स्वतःही अलैंगिक होत्या आणि हे त्यांनी उघडपणे सांगितले होते. पश्चिम किनाऱ्यावरील ओकारिटो ह्या लहानशा वस्तीत त्या दीर्घकाळ एकट्या राहिल्या, मासेमारीचा त्यांना नाद होता. २०२१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

कादंबरीवर आमचा एक आक्षेप आहे आणि तो लहान नाही. एका प्रसंगी केरेविन मुलावर संतापते. त्याने तिची गिटार फोडलेली असते. ती आपले संरक्षण काढून घेते, आणि त्या रात्री जो मुलाला मरणाच्या दारापर्यंत मारतो. मुलाची श्रवणशक्ती बरीचशी जाते. जो तुरुंगात जातो, थोड्याच काळाने सुटतो, एका वृद्ध माओरी रक्षकाची भेट होऊन त्याला जणू पुनर्जन्म मिळतो, आणि शेवटी मूल त्याच्याकडे धावते. क्षमा हा आमचा विषय आहे. तिच्याविरुद्ध आम्ही बोलणार नाही. परंतु येथे क्षमा मुलाकडून फार स्वस्तात वसूल केली आहे. लेखिका केरेविनच्या बाबतीत जितकी चोख आहे तितकी जोच्या बाबतीत नाही. ज्या स्त्रीला कोणीही बदलू नये असा तिचा आग्रह, तिच्या शेजारी ज्या पुरुषाने बदललेच पाहिजे तो गूढ योगायोगांनी बदलतो. हा भाग वाचून ज्यांनी पुस्तक मिटले त्यांना आम्ही दोष देणार नाही.

ह्याच विषयावरचे दुसरे पुस्तक आमच्या हाती एका कॉलेजकन्येने आणून दिले. ॲलिस ओसमन ह्या इंग्रज लेखिकेची ‘लव्हलेस’ ही २०२० सालची कादंबरी. जॉर्जिया ही अठरा वर्षांची मुलगी डरहॅमच्या विद्यापीठात शिकावयास जाते. प्रेमकथा वाचण्याचा तिला विलक्षण छंद आणि स्वतःला कधी कोणाविषयी तसे काही वाटलेले नाही. शाळेत मैत्रिणींनी पिच्छा पुरविला तेव्हा सांगण्यापुरते एका मुलाचे नाव तिने सांगितले होते, आणि पुढे अनेक वर्षे तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. विद्यापीठात गेल्यावर आपणही इतरांसारखे व्हावे म्हणून ती आपल्या जुन्या मित्राशी, जेसनशी, प्रेमाचा प्रयोग करू पाहते. जेसनचे मन खरे असते आणि ते दुखावते. सुनील झा नावाचा एक वरच्या वर्गातील विद्यार्थी, नावावरून आपल्याकडचा वाटणारा, तिला प्रथम ह्या अवस्थेचे नाव सांगतो.

केरेविनच्या शेजारी ठेवले तर हे पुस्तक पातळ आहे. अनेक ठिकाणी पात्रे बोलत नसून माहितीपत्रक वाचून दाखवीत आहेत असे वाटते, आणि सुनीलची नेमणूक तर त्यासाठीच झालेली दिसते. नाव सापडले की प्रश्न सुटला असा तिचा थोडासा भोळा विश्वास आहे. तरीही आम्ही ते एका बैठकीत वाचले, ते जेसनमुळे. ह्या विषयावर बोलणारे बहुतेक जण त्या व्यक्तीच्याच दुःखापाशी थांबतात. ओसमनबाईंनी हेही दाखविले की स्वतःला न ओळखता, इतरांच्या रेट्याने, ‘जमेल हळूहळू’ म्हणून जो नात्यात शिरतो तो दुसऱ्याही एका निरपराध माणसाला जखमी करतो. आणि जॉर्जियाला शेवटी जे गवसते ते मैत्रीचे मोल. रोमँटिक कथांत नायक जो थाटमाट नायिकेसाठी करतो तो सारा ती आपल्या खोलीतल्या मैत्रिणीसाठी करते. ते दृश्य थोडे नाटकी असले तरी त्यामागचा विचार नाटकी नाही. बाराव्या शतकात रिव्हॉल्क्सच्या मठाचा अधिपती संत एल्रेड ह्याने आध्यात्मिक मैत्रीवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, हे आपण विसरलो आहो; विवाहाच्या रौप्यमहोत्सवाला वेदीपुढे आशीर्वाद मिळतो, पन्नास वर्षांच्या मैत्रीला मिळत नाही.

‘जमेल हळूहळू’ हे शब्द आम्ही इंग्लंडमधून आणलेले नाहीत. विवाहपूर्व शिबिरात आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो आहो. त्या दोन दिवसांत डॉक्टर येऊन शरीराविषयी सांगतात, एक जोडपे संसाराविषयी सांगते, आम्ही संस्काराविषयी सांगतो. ‘तुला हे खरोखर हवे आहे का?’ हा प्रश्न विचारला जातो तेव्हा हॉल ठरलेला असतो, दागिने झालेले असतात, पत्रिका छापून आलेल्या असतात. वेदीपुढेही आपण तो विचारतो, आणि तोपर्यंत उत्तर एकच शक्य असते. आई म्हणते, सुरुवातीला सगळ्यांना तसेच वाटते. मावशी म्हणते, मूल झाले की ठीक होईल. काही वर्षांनी तीच दोन माणसे समुपदेशनाच्या खोलीत दोन खुर्च्यांवर, एकमेकांकडे न पाहता बसलेली असतात. त्यातील एकाला वाटते की आपण नकोसे आहो. दुसऱ्याला वाटते की आपण बिघडलेले आहो. दोघांचेही म्हणणे खरे नसते. धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील २१९ वे कलम आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. जीवनाची अवस्था निवडताना कोणत्याही दडपणापासून मुक्त असण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला आहे, असा त्याचा आशय आहे. बळजबरीने अथवा भारी भयापोटी केलेला विवाह मुळात होतच नाही, हे ११०३ व्या कलमात आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील १६५८ वा परिच्छेद तर अविवाहित माणसांविषयीच आहे. त्यांना घरांची आणि धर्मसभेची दारे उघडी असावीत, ह्या जगात कोणीही कुटुंबावाचून राहू नये, असे तो सांगतो.

आमच्याच मंडळींकडून येणारा एक आक्षेप येथे घ्यावयास हवा. ही सारी पाश्चात्त्य खुळे आहेत, आधुनिक लोकांना विवाहाची जबाबदारी नको म्हणून काढलेली नावे आहेत, असे एका ज्येष्ठ बंधू-धर्मगुरूंनी आम्हांस सुनावले. जबाबदारी टाळणारे पुष्कळ आहेत हे आम्हांस मान्य आहे. आम्ही त्यांना ओळखतो, त्यांत वासनेची वाण असलेले फारसे नाहीत. नावे नवी आहेत हेही खरे. माणसे नवी नाहीत. प्रत्येक वाडीत एखादी अविवाहित आत्या किंवा काका असतोच. भावंडांची शिक्षणे केली, पुतण्यांना शाळेत पोचविले, आजारी आईचे अंथरूण सावरले. तिच्याविषयी आपण म्हणतो की बिचारीचे जमले नाही, किंवा एखादी जुनी प्रेमभंगाची कथा तिला चिकटवून देतो. त्यांतल्या काहींचे खरोखरच जमले नसेल, काहींनी मन मारले असेल. पण काहींना ते हवेच नव्हते, आणि ती सुखात होती, हा पर्याय आपल्या बोलण्यात कधी येत नाही.

कादंबरीच्या नावाविषयी दोन शब्द लिहून थांबतो. माओरी भाषेत ‘इवी’ ह्या एकाच शब्दाचे हाड आणि कूळ असे दोन्ही अर्थ आहेत. ह्यूमबाईंनी त्यावरून नाव योजिले. आपल्या कानांवर हाडाचे नाते पडते ते लग्नाच्या मिस्सेत, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या वाचनात, जेथे आदाम आपल्या सहचारिणीला पाहून तिला आपल्याच हाडातले हाड म्हणून ओळखतो. ‘द बोन पीपल’मधील तिघांत एकाचेही दुसऱ्याशी रक्ताचे नाते नाही आणि शय्येचेही नाही. जुना मनोरा उभा आणि अरुंद होता; त्या जागी केरेविन शंखाच्या आकाराचे गोल, पसरट घर उभारते. तेथे तिची माणसे येतात, जो येतो, मूल येते. शेवटच्या प्रकरणात मोठा मेळा जमलेला आहे, खाणेपिणे आणि गाणे चालले आहे, आणि केरेविन त्यात आहे.

पुस्तकाची एक प्रत आम्ही धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेविली आहे. इंग्रजी अवघड आहे, सुरुवातीची पन्नास पाने चिकाटीने काढावी लागतात. मारहाणीच्या वर्णनांमुळे ती लहान मुलांच्या हाती देऊ नये. ‘लव्हलेस’ची प्रत ज्या मुलीने दिली होती तिला आम्ही ती परत केली, त्यानंतर ती वाडीतल्या तीन घरांत फिरली असे कळते, आणि त्यांपैकी एका घरातील आईने आम्हांस भेटावयाचे आहे असा निरोप पाठविला आहे.